स्टाफरूममधले खासदार

आमच्या कॉलेजात त्यांना माघारी सगळे खासदार म्हणत. चेष्टेची लहर आली की तोंडावरही 'खासदारसाहेब' म्हणत. ते कधी कुठली निवडणूक लढले नव्हते. ते इतिहास शिकवायचे, मी संख्याशास्त्र. एकाच स्टाफरूममध्ये आम्ही पंधरा-सोळा वर्षं समोरासमोर बसलो. गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्यांच्याविषयी पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. त्यांतल्या निम्म्या माझ्यासमोर घडलेल्या नाहीत, म्हणून त्या मी सोडून देतो. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

खासदार हे नाव पडलं ते एका इंग्रजामुळे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा एकीकडे आणि पार्लमेंट दुसरीकडे अशी यादवी पेटली होती, त्या काळातला एका लहानशा परगण्याचा हा पार्लमेंटातला सभासद. सरांनी त्याच्यावर पीएचडीसाठी नाव नोंदवलं होतं, मी नोकरीला लागायच्याही आधी. प्रबंध शेवटपर्यंत दिला नाही. पण तो इंग्रज मात्र त्यांच्याबरोबर रोज कॉलेजात येत असे. त्याचं नाव ते कधी घेत नसत. 'आमचा माणूस' म्हणायचे. त्याच्या आयुष्यातल्या घटना ताज्या बातम्यांसारख्या सांगायचे.

"काय संख्याशास्त्र, वाचलं का?" ते खुर्चीत बसता बसता मला म्हणायचे. ते प्रत्येकाला त्याच्या विषयाच्या नावानं हाक मारत. "आमच्या माणसाकडं काल राजाचे घोडेस्वार आले. कोठारातले सगळे ओट्स घेऊन गेले."

"ओट्स म्हणजे हो सर?" पलीकडून हिंदीचे सर विचारायचे.

"घोड्यांची ज्वारी समजा. आणि ते गेले तोवर पार्लमेंटचे आले. ते म्हणाले, शत्रूला दाणा दिलास, आता आम्हाला झाडं दे. ओकाची सगळी राई तोडली. आजोबानं लावलेली."

"मग तुमच्या माणसानं काय केलं?"

"दोन्हीकडच्या कप्तानांना जेवायला बोलावलं."

हे ते गंभीरपणे सांगत. कुणी हसलं तर त्यांना राग येत नसे, पण आपणही हसत नसत.

हर्सूलचा एक किराणा दुकानदार एकदा स्टाफरूममध्ये आला. मुलाची दिल्लीला कसलीशी परीक्षा होती आणि रेल्वेचं तिकीट वेटिंगवर होतं. कॉलेजात एक खासदार बसतात एवढं त्यानं कुठूनतरी ऐकलेलं. दारातूनच हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमच्या लेटरहेडवर एक चिठ्ठी भेटली असती तर कोट्यातून पोराचं काम झालं असतं."

आम्ही सगळे गप्प बसून मजा बघत होतो. सरांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि खरं ते सांगायला सुरुवात केली. पार्लमेंट कोणतं, ते कधीचं, राजानं कर का बसवले, आमच्या माणसानं त्याविरुद्ध भाषण का केलं आणि त्यापायी तो तुरुंगात कसा गेला. दुकानदारानं चहा संपवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हय साहेब, समजलं. म्हंजे तुम्ही माजी हायत. माजीचं बी चालतंय का बघू की. द्या तुम्ही."

त्या दिवशी सर पहिल्यांदा हसले. चिठ्ठी दिली नाही. मुलाचं तिकीट काढायला स्वतः स्टेशनवर गेले आणि रांगेत उभे राहिले, असं नंतर कळलं. हे मी पाहिलेलं नाही, पण सांगणारा तो दुकानदारच होता.

त्यांची दुसरी सवय मतदानाची. त्या जुन्या पार्लमेंटात हात वर करून मत देत नसत. एखादी नवी गोष्ट करायची असं ज्यांचं म्हणणं ते उठून सभागृहाबाहेर जायचे आणि आहे तेच राहू द्या म्हणणारे जागेवर बसून राहायचे. मग आतली आणि बाहेरची डोकी मोजायची. स्टाफरूमचा प्रत्येक निर्णय याच पद्धतीनं झाला पाहिजे असा सरांचा आग्रह होता. चहावाला बदलायचा का, सहल खुलताबादला की पैठणला, नवीन खुर्च्या मागायच्या का, सगळ्याला हीच पद्धत. डोकी मोजायचं काम अर्थात माझ्याकडे. आमचा शिपाई मामू ट्रे घेऊन दारात अडकायचा.

"साब, चाय किधर देना? अंदरवालों को के बाहरवालों को?"

"दोन्हीकडं दे बाबा," सर म्हणायचे. "हरणाऱ्यांना आधी."

माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती. मार्च ते जून या काळात आमच्याकडे एकही नवा ठराव मंजूर झाला नाही. कारण कूलर एकच होता, आणि त्याच्यासमोरची खुर्ची एकदा सोडली की परत मिळत नसे. सरांना याचा फार आनंद झाला. म्हणाले, "अगदी हेच! तिथंही चांगली जागा जाईल म्हणून लोक बसून राहायचे आणि विरोधी मत पडायचं. संख्याशास्त्र, तुम्ही इतिहासात यायला हवं होतं."

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढचं तसं नाही.

आमची संस्था एका अण्णांनी काढलेली. शहराबाहेर माळावर दोन खोल्यांपासून त्यांनी कॉलेज उभं केलं, आणि ते होते तोवर त्यांचा शब्द शेवटचा असे. ते गेल्यावर त्यांचा मुलगा आणि पुतण्या यांच्यात संस्था कुणाची यावरून फाटलं. दोघांनी वेगवेगळ्या सभा घेतल्या, वेगवेगळी कार्यकारिणी निवडली, आणि प्रकरण कोर्टकचेरीत गेलं. निकाल लागेपर्यंत दोघंही आपणच खरे म्हणून वागू लागले. मुलानं तळमजल्यावर एक प्राचार्य बसवले, पुतण्यानं वरच्या मजल्यावर दुसरे. एका कॉलेजात दोन प्राचार्य, दोन शिक्के, हजेरीची दोन मस्टर. घंटासुद्धा दोन झाल्या. खालची वाजली की वरचे तास चालू ठेवत, वरची वाजली की खालचे. पोरं कुठल्याही घंटेला बाहेर पडत.

प्रत्येक प्राध्यापकानं कुठल्या मस्टरवर सही केली त्यावरून तो कुणाचा हे ठरायचं. पहिल्या महिन्यात थोडी लपवाछपवी झाली. काहींनी दोन्हीकडे सह्या केल्या, त्यांना दोन्हीकडून नोटिसा आल्या. मी खाली सही केली. माझी दोन मुलं शिकत होती, माझा विभाग तळमजल्यावर होता, आणि अण्णांच्या मुलाचा दावा मला कागदोपत्री जास्त बरा वाटला. हिंदीच्या सरांनी वर सही केली. दहा-बारा वर्षं एका डब्यात जेवलेले आम्ही, एकमेकांसमोर डबा उघडेनासे झालो.

सरांनी कुठंच सही केली नाही. ते वेळेवर यायचे, जिन्यानं अर्धं वर चढायचे आणि जिना जिथं वळतो त्या चौकोनी जागेत उभे राहायचे. तिथून खालचं आणि वरचं, दोन्ही प्राचार्यांची दारं दिसत. मग खणखणीत आवाजात म्हणायचे, "हजर!" आणि वर्गावर जायचे.

पहिल्या दिवशी सगळं कॉलेज हसलं. आठवड्यानं हसणं बंद झालं. अण्णांचा मुलगा केबिनमधून बाहेर आला आणि जिन्याखाली उभं राहून म्हणाला, "सर, हे काय चालवलंय? सही करा ना व्यवस्थित."

"कॉलेजात हजर आहे. कॉलेजला सांगितलं."

"कॉलेज म्हंजे कोण? मीच की."

"वरतीही असंच म्हणतात," सर म्हणाले.

वरून कुणीतरी टाळी वाजवली. अण्णांच्या मुलाचा चेहरा मी पाहिला. त्या क्षणापासून खालच्या लोकांच्या लेखी सर वरचे झाले. आणि पुढं लवकरच वरच्यांच्या लेखी खालचे झाले, ते परीक्षेमुळे.

आमच्याकडे विद्यापीठाच्या परीक्षेचं केंद्र होतं. आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या मुली जास्त. त्या वर्षी दोन्ही गटांनी जाहीर केलं की परीक्षा आम्हीच घेणार, दुसऱ्यांनी घेतली तर गेटला कुलूप लावू. केंद्र रद्द झालं असतं तर या मुलींना शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं असतं, आणि त्यांतल्या पुष्कळजणींना घरून पाठवलंच नसतं. सरांनी दोन्ही गटांचे दोन-दोन लोक गारखेड्यातल्या आपल्या घरी जेवायला बोलावले. खालच्यांकडून मी होतो, म्हणून हे मला माहीत आहे.

काकूंनी पुरणपोळी केली होती. सर मध्ये बसले. वाढणं चालू असताना त्यांनी आमच्या माणसाची गोष्ट सांगितली. लढाई सुरू होताना त्यानं आपल्या परगण्यात दोन्ही बाजूंच्या सरदारांना एकत्र बसवलं आणि ठरवलं की या हद्दीत कुणी फौज आणायची नाही. तुम्हाला लढायचं तर बाहेर जाऊन लढा, इथं पेरणी चालू आहे.

"मग टिकलं का सर ते?" वरच्या गटातल्या एकानं विचारलं.

"नाही. त्याच्याच पार्लमेंटनं रद्द केलं. म्हणाले, तुम्हाला परस्पर ठरवायचा अधिकार कुणी दिला?"

"मग आमचं कसं टिकंल?"

"आपलं फक्त परीक्षेपुरतं आहे," सर म्हणाले. "तेवढं टिकवा. पोळी घ्या."

टिकलं. परीक्षा संपेपर्यंत दोन्ही गटांचं कुणी गेटच्या आत भांडलं नाही. पर्यवेक्षणाला एक खालचा, एक वरचा अशा जोड्या लावल्या, त्या मीच लावल्या. एकही पेपर चुकला नाही. मला वाटतं, सरांच्या आयुष्यातलं हे एकच काम पूर्ण तडीस गेलं. आणि त्याबद्दल त्यांना कुणी माफ केलं नाही. परीक्षा बिघडली असती तर दोष दुसऱ्यावर ढकलून संस्था आपल्या ताब्यात येईल असा हिशोब दोन्हीकडे होता. तो सरांनी बिघडवला. वरच्यांचे पुढारी, म्हणजे अण्णांचे पुतणे, मला पार्किंगमध्ये म्हणाले, "तुमच्या त्या खासदाराला सांगा, लई शहाणपण बरं नाय. घरातली पोरगी हितंच कामाला हाय, एवढं ध्यानात असू द्या."

पोरगी म्हणजे मंजू, सरांची एकुलती एक मुलगी. आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर वर्षी जूनमध्ये नव्यानं मुलाखत. असं नववं वर्ष चालू होतं. पात्रता परीक्षा पास होती, शिकवायची उत्तम. याच नोकरीच्या भरवशावर लग्न ठरवता ठरवता दोनदा मोडलं होतं, कारण मुलाकडचे विचारायचे, कायम आहे का? त्या वर्षी भूगोलाची कायम जागा भरायला परवानगी आली. वय उलटायच्या आत मिळालेली ही तिची शेवटची संधी होती, हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

जागा कुणाला द्यायची हे, कोर्टाचा निकाल ज्याच्या बाजूनं लागेल, तो ठरवणार. आणि कोर्टात दाखवायला दोघांनाही सह्या हव्या होत्या. सरांच्या सहीचं वजन होतं. ते अण्णांच्या वेळचे, सगळ्यांत जुने. ते कुणाकडे गेले असते तर त्यांच्या मागे आणखी सात-आठजण गेले असते. हे सात-आठजण कोण हे मी सांगू शकतो.

दोन्हीकडून माणसं घरी येऊन गेली. खालचे आले तेव्हा मी बरोबर होतो. अण्णांचा मुलगा स्वतः आला, काकूंच्या पाया पडला. म्हणाला, "सर, अण्णांनी तुम्हाला या कॉलेजात आणलं. मी तुमच्या मांडीवर खेळलोय. एक सही करा. मंजूताईची ऑर्डर मी स्वतः घरी आणून देतो."

"मंजूची गुणवत्ता आहे. तिला जागा द्यायची तर द्या," सर म्हणाले. "तिचा माझ्या सहीशी काय संबंध?"

"असतो की सर. तुम्हाला काय सांगायचं."

"नाही, सांगाच. मला खरंच समजत नाही."

तो उठून गेला. जाताना बाहेर बूट घालत मला म्हणाला, "याला माणूस म्हणायचं का?" सरांचं वागणं मलाही त्या वेळी पूर्णपणे पटलेलं नव्हतं. तत्त्व त्यांचं होतं, पण त्याची किंमत भरत होती ती मंजू. इतकं साधं गणित त्यांना कळत नसेल असं मला वाटत नव्हतं.

आतल्या खोलीतून मंजूनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि वडिलांसमोर बसली. ती शांत मुलगी. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही.

"बाबा, तुमच्या माणसाला मुलं होती?"

"हो. एक मुलगा, दोन मुली. मुलगा लढाईत गेला. दुसऱ्या बाजूनं लढताना."

"मुलींचं काय झालं?"

या माणसाची किती झाडं तोडली, किती घोडे नेले, तुरुंगात असताना त्याला कुणाकुणाचे निरोप गेले, हे सगळं सरांना तोंडपाठ होतं.

"त्याची नोंद नाही," ते म्हणाले.

"असं कसं? ओट्सची आहे, घोड्यांची आहे."

"नाही नोंद."

"बरं," मंजू म्हणाली, आणि चहाचे कप उचलून आत गेली. काकू दारात उभ्या होत्या. त्या सरांना म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत तुमच्या मनात हे विचारायचं कधी आलं नाही का हो?"

त्यानंतर काही दिवस ते जिन्यावर 'हजर' म्हणायचे ते हळू आवाजात. मग एका सकाळी मी गाडी लावत असताना ते माझी वाट पाहत गेटपाशी उभे दिसले. शर्टाच्या खिशाला पेन होतं.

"संख्याशास्त्र, खालचे जास्त आहेत की वरचे?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. डोकी मोजायला सांगत, पण आकडा कळल्यावर त्याचं त्यांना काही वाटत नसे.

"खालचे," मी म्हणालो. "थोडेच जास्त."

"मग चला. तुम्ही बरोबर असलात तर बरं."

तळमजल्यावरच्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही शिरलो आणि दारातच थांबलो. आत दोन्ही प्राचार्य शेजारीशेजारी बसले होते. अण्णांचा मुलगा आणि पुतण्या सोफ्यावर होते. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडा होता. मामू नवे कप पुसत होता. आदल्या दिवशी शहरातल्या कुणा मोठ्या माणसाच्या घरी बसून दोघांचा समेट झाला होता. माळावरची मोकळी जमीन दोघांनी मिळून विकसित करायची, कोर्टातलं प्रकरण काढून घ्यायचं, नोकरीच्या जागा अर्ध्या-अर्ध्या वाटून घ्यायच्या. मी खालच्या गटाचा असून मलाही हे माहीत नव्हतं.

"या, या खासदारसाहेब," पुतण्या म्हणाला. "तोंड गोड करा."

सरांनी पेढा हातात घेतला. दुसऱ्या हातानं खिशातलं पेन काढलं. "मी सही करायला आलो होतो," ते म्हणाले.

अण्णांचा मुलगा म्हणाला, "आता कशाला सर? मस्टर एकच झालं. तिथं करा, सगळेच करणार."

"आणि मंजूची जागा?"

मुलानं पुतण्याकडे पाहिलं. "भूगोल यांच्याकडं गेला. वाटणीत."

"आमचा शब्द गेलेला हाय सर," पुतण्या म्हणाला. "आमच्या माणसाला द्यावं लागंल. तो पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर हाय. तुम्ही कुठं होता सांगा की?"

"मी परीक्षा..."

"ते बी आलं ध्यानात. तुम्हीच म्हणत होता ना, दोघांनी एका ठिकाणी बसा? बसलो बघा." आणि तो हसला. वाईट असं की त्याचं हसणं मनमोकळं होतं. दोन्ही प्राचार्यही हसले.

"तिचे नऊ वर्षांचे तास आहेत," सर म्हणाले. "निकाल पाहा तिच्या वर्गाचे. यांना विचारा, यांनी काढलेत." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी आकडे सांगितले. मला ते पाठ होते. ते खरे होते. कुणी ऐकले नाहीत. सरांचा आवाज मग वेगळाच झाला. "तासिकेवर तरी ठेवा," ते म्हणाले. "मी विनंती करतो." मी त्यांना कुणाला विनंती करताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बघू की जूनमध्ये," अण्णांचा मुलगा म्हणाला. जूनमध्ये कुणी पाहिलं नाही. मंजू आता बजाजनगरला एका खासगी क्लासमध्ये शिकवते, कामगारांच्या मुलांना, सकाळ-संध्याकाळ.

त्या दिवशी मी सरांना माझ्या गाडीवरून घरी सोडलं. पेढा अजून त्यांच्या मुठीत होता. घरी पोचल्यावर तो त्यांनी बाहेरच्या कुंडीच्या कडेवर ठेवला. दुपारच्या जेवणाची वेळ होती. काकूंनी मलाही पान वाढलं. मंजू आमच्या आधी पोचली होती. कॉलेजात बातमी पसरायला वेळ लागत नाही.

"तुम्ही सही करायला गेला होतात?" तिनं विचारलं.

सरांनी मान हलवली.

"मी जा म्हणाले होते का?"

"नाही. पण तू विचारलंस ना, मुलींचं काय झालं."

"मी चिडले होते म्हणून विचारलं, बाबा. चिडायचं पण नाही का मी?" तिचा हात ताटावर थांबला होता. "जागा गेली असती, मी सोसलं असतं. कुणी विचारलं तर सांगता आलं असतं, माझ्या बापानं सही केली नाही म्हणून गेली. नऊ वर्षं असा बाप आहे एवढ्यावरच काढली मी. आता काय सांगू? बाप उशिरा पोचला म्हणून गेली?"

"मंजू," काकू म्हणाल्या.

"नाही आई, बोलू दे."

पण तिनं पुढं फक्त ताट थोडं दूर सारलं. पंखा फिरत होता. मला उठून जावंसं वाटत होतं, पण अर्ध्या ताटावरून उठणं बरं दिसलं नसतं. सर भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसले होते.

"आमचा माणूस गेला होता," ते म्हणाले.

"कुठं?"

"त्याला पार्लमेंटच्या दारात पार्लमेंटच्याच फौजेतल्या सोल्जरांनी अडवलं, घरी पाठवलं, तिथपर्यंतच मी सगळ्यांना सांगतो. पुढंही आहे. त्याच फौजेनं राजाचं डोकं उडवलं. मग बऱ्याच वर्षांनी त्याचा मुलगा गादीवर आला. तेव्हा हा म्हातारा त्याच्या दरबारात गेला. टोपी हातात घेऊन. धाकट्या मुलीच्या नवऱ्याला कुठंतरी चिकटवा म्हणून." त्यांनी तुकडा ताटात ठेवला. "नोंद आहे. मी नाही म्हणालो ते खोटं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. गाइडलासुद्धा नाही. प्रबंधात ते घालावं लागलं असतं."

मंजू त्यांच्याकडे पाहत राहिली. मीही. इतक्या वर्षांची ओळख, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

"मग मिळालं काही?" तिनं विचारलं.

"नाही. बाहेरच्या दालनात बसवून ठेवलं. दोन्हीकडच्या लोकांची कामं होत होती. हा कुणाचाच नव्हता."

काकूंनी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडं केला. मंजूनं वडिलांच्या ताटातला तो तुकडा उचलून बाजूला ठेवला आणि गरम भाकरी वाढली.

"तो घरी आल्यावर मुलगी काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"ते मात्र खरंच कुणी लिहून ठेवलेलं नाही," सर म्हणाले.